सिस्टरने डॉक्टरांना थांबवलं तर?

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या दोन रुग्णालयांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुकांचा मोठा अभ्यास चालू होता. डोस चुकला, वेळ चुकली, एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला गेलं, अशा चुका कोणत्या वॉर्डात किती होतात ते मोजायचं होतं. हार्वर्डमध्ये पीएच.डी. करणारी एमी एडमंडसन त्या गटात होती. तिचा प्रश्न थोडा वेगळा होता : ज्या वॉर्डातली माणसं एकमेकांना धरून काम करतात, तिथे चुका कमी होतात का? तिने आठ वॉर्डांतल्या कर्मचाऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि चुकांचे आकडे त्यांच्याशेजारी मांडले. उत्तर उलटं आलं. जिथे एकोपा जास्त, जिथे प्रमुख नर्सबद्दल विश्वास जास्त, तिथेच चुकाही जास्त दिसत होत्या.

पुष्कळ विचारानंतर तिला एक शंका आली. चांगल्या वॉर्डात चुका जास्त होत नसतील, फक्त सांगितल्या जास्त जात असतील. मग तिने एका सहायकाला आपल्या शंकेबद्दल अवाक्षरही न सांगता त्या वॉर्डांमध्ये निरीक्षणासाठी पाठवलं. तो परत आला ते वॉर्डावॉर्डातल्या जमीन-अस्मानाच्या फरकाचं वर्णन घेऊन. काही ठिकाणी चुकांबद्दल रोजच्या कामासारखं उघड बोललं जात होतं आणि प्रमुख नर्स स्वतः हाताने काम करत सगळ्यांत मिसळत होती. काही ठिकाणी चूक झाली की आरोपीसारखी उलटतपासणी होते, असं नर्सेस सांगत होत्या. तिथल्या नोंदवहीत चुका कमी होत्या. त्या कमी का होत्या, हे आता वेगळं सांगायला नको.

१९९९ साली एडमंडसनने चांगल्या वॉर्डांतल्या या गुणाची रीतसर मांडणी केली. त्याला मानसिक सुरक्षितता म्हणतात. आपण शंका विचारली, चूक कबूल केली किंवा वरिष्ठांचं काही चुकतंय असं बोललो, तर आपला पाणउतारा होणार नाही आणि नोकरीवर गदा येणार नाही, ही खात्री म्हणजे मानसिक सुरक्षितता. पुढे ही कल्पना कारखान्यांत आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत पोहोचली. पण एडमंडसनला ती सापडली वॉर्डात, आणि मला वाटतं तिची सर्वांत मोठी गरजही तिथेच आहे. ऑफिसात कुणी गप्प बसलं तर हिशेब चुकतो. वॉर्डात कुणी गप्प बसलं तर त्याची किंमत पलंगावर झोपलेला माणूस मोजतो, आणि कोण काय बोललं नाही हे त्याला कधी कळतही नाही.

एखाद्या रुग्णालयाची प्रकृती कशी आहे, असं विचारलं की आपण खाटा मोजतो, यंत्रं मोजतो, इमारत बघतो. माझ्या मते आधी हे बघावं : तिथली वाईट बातमी खालून वर जायला किती वेळ लागतो, आणि वर पोहोचल्यावर तिचं काय होतं. नेतृत्वाची कसोटी याच एका जागी लागते.

बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स हे जगातल्या नामांकित रुग्णालयांपैकी एक. २००१च्या फेब्रुवारीत तिथे जोसी किंग नावाची अठरा महिन्यांची मुलगी दगावली. गरम पाण्याने भाजून ती आली होती आणि बरी होत चालली होती. मुलीला खूप तहान लागलीय, ती ठीक दिसत नाही, असं तिची आई सॉरेल किंग कर्मचाऱ्यांना सांगत होती. तिचं म्हणणं जिथे पोहोचायला हवं होतं तिथे पोहोचलं नाही. शरीरातलं पाणी कमी झालं, त्यात द्यायला नको होतं ते औषध दिलं गेलं, आणि घरी जायच्या बेतात असलेलं मूल गेलं. तज्ज्ञ होते, यंत्रं होती, पैसा होता. माहितीसुद्धा होती, ती आईच्या तोंडी होती.

त्याच रुग्णालयात अतिदक्षता विभागात काम करणारे डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट त्याच वर्षी एका छोट्या गोष्टीच्या मागे लागले. अत्यवस्थ रुग्णाच्या मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत नळी घालतात, तिला सेंट्रल लाइन म्हणतात. ती घालताना जंतू शिरले तर ते थेट रक्तात जातात आणि रुग्ण त्यात दगावू शकतो. हा संसर्ग टाळायच्या पाच पायऱ्या प्रत्येक डॉक्टरला पाठ असतात : हात धुणं, क्लोरहेक्सिडीनने त्वचा साफ करणं, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक कापडाने झाकणं आणि स्वतः टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे घालणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, आणि गरज संपली की नळी काढून टाकणं. यात नवं काहीच नव्हतं. प्रोनोव्होस्ट यांनी नर्सेसना सांगितलं, महिनाभर नुसतं बघा. एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांनी निदान एक पायरी गाळली होती.

नर्सेस हे आधीपासून बघत होत्याच. त्यांना दिसत होतं, पण बोलायचा अधिकार नव्हता. पुढचं पाऊल म्हणूनच महत्त्वाचं होतं. रुग्णालयाच्या प्रशासनाने त्यांना अधिकार दिला की डॉक्टरांनी एखादी पायरी गाळली तर तिथल्या तिथे थांबवायचं. विरोध दोन्ही बाजूंनी झाला. डॉक्टरांवर पहारा ठेवणं हे आमचं काम नाही, असं नर्सेसना वाटत होतं, तर सगळ्यांसमोर टोकलं तर आमचा मान काय राहिला, असं डॉक्टरांना. प्रोनोव्होस्ट यांनी शब्द दिला : वाद झाला तर रात्री-अपरात्री केव्हाही मला कळवा, मी तुमच्या पाठीशी आहे. वर्षभरात तिथला दहा दिवसांच्या आतल्या लाइन-संसर्गाचा दर ११ टक्क्यांवरून शून्यावर आला.

मग हा प्रयोग मिशिगन राज्यात गेला. शंभराहून अधिक अतिदक्षता विभाग त्यात सामील झाले आणि २००६ च्या डिसेंबरात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नळी जितके दिवस शरीरात राहते त्यांची बेरीज करून असा संसर्ग मोजतात. तो दर १००० दिवसांमागे सरासरी ७.७ होता, दीड वर्षात १.४ वर आला. या प्रयोगाचं नाव निघालं की सगळे यादीचं कौतुक करतात. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. प्रत्येक विभागाशी रुग्णालयाचा एक बडा अधिकारी जोडून दिला होता. त्याने वॉर्डात यायचं, कर्मचाऱ्यांच्या अडचणी ऐकायच्या आणि सोडवायच्या. वातानुकूलित खोलीतून हे अधिकारी खाली आले तेव्हा त्यांना कळलं की ज्या क्लोरहेक्सिडीनने त्वचा साफ करा असं आपण सांगतोय, तेच बहुतेक विभागांत उपलब्ध नाही! ते मागवणं डॉक्टर-नर्सच्या हातात नव्हतं, अधिकाऱ्याच्या हातात होतं. ते लगेच मागवलं गेलं. नियम पाळत नाहीत म्हणून कर्मचाऱ्यांना दोष देण्याआधी नियम पाळायचं सामान त्यांच्या हाताशी आहे का, हे बघणं साहेबाचं काम आहे. आपल्याकडे हे किती जण करतात?

नुसती यादी भिंतीवर चिकटवून काय होतं, त्याचाही पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी तपासणी यादी काढली. आठ शहरांतल्या रुग्णालयांत तिची चाचणी झाली, त्यात आपली दिल्लीही होती. मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. ते पाहून कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने यादी सगळीकडे लागू केली. २०१४ साली १०१ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा मृत्यूंच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. असं का झालं यावर बरीच चर्चा झाली. मला पटणारं कारण असं की फतवा निघाला की रकान्यात खुणा होतात, माणसं मात्र पूर्वी गप्प होती तशीच गप्प राहतात. एडमंडसन आणि तिच्या सहकाऱ्यांनी हृदयशस्त्रक्रियेची नवी पद्धत शिकणाऱ्या १६ रुग्णालयांचा अभ्यास केला होता. नवं तंत्र कुणी लवकर आत्मसात केलं, याचा संबंध सर्जन किती नावाजलेला आहे याच्याशी नव्हता. ज्या सर्जनने आपल्या चमूला आधीच सांगितलं की हे सगळ्यांनाच नवं आहे, मला तुमच्या डोळ्यांची गरज आहे, दिसेल ते बोला, त्याचा चमू पुढे गेला.

याच्या उलट टोकाचं उदाहरण इंग्लंडमधलं आहे, आणि ते वाचताना अजूनही अस्वस्थ व्हायला होतं. स्टॅफर्ड हे तिथलं सरकारी रुग्णालय. चालवणाऱ्या ट्रस्टला 'फाउंडेशन ट्रस्ट' हा वरचा दर्जा हवा होता. त्यासाठी ताळेबंद सुधारायचा म्हणून दीडशेच्या वर जागा कमी केल्या. आकस्मिक विभागात आलेल्या रुग्णाची पहिली पाहणी काही वेळा स्वागतकक्षातली माणसं करत. वॉर्डात पाणी द्यायला कुणी नाही म्हणून तहानेने व्याकूळ झालेले रुग्ण फुलदाणीतलं पाणी प्यायल्याच्या साक्षी पुढे चौकशीत आल्या. मृत्यूंचा आकडा अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचं बाहेरून दाखवलं गेलं, तेव्हा व्यवस्थापनाने नोंदींच्या संकेतांकांत चूक असेल असं म्हणत तो बाजूला सारला. आकस्मिक विभागातल्या हेलीन डॉनली या नर्सने सुमारे शंभर वेळा लेखी तक्रारी केल्या. चार तासांत रुग्ण पुढे पाठवायचं उद्दिष्ट गाठल्याचं दाखवण्यासाठी वेळा खोट्या लिहायला लावतात, हीसुद्धा तिची तक्रार होती. उत्तरात तिला सहकाऱ्यांच्या धमक्या मिळाल्या. आणि २००८ च्या फेब्रुवारीत ट्रस्टला हवा होता तो दर्जाही मिळाला.

आई गमावलेल्या जुली बेली आणि त्यांच्यासारख्या नातेवाइकांनी आंदोलन उभारलं, म्हणून हे सगळं बाहेर आलं. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीचा अहवाल २०१३ च्या फेब्रुवारीत आला. त्यात २९० शिफारशी होत्या. पुढच्या वर्षी रुग्णाला इजा झाली तर ती त्याला प्रामाणिकपणे सांगण्याचं कायदेशीर बंधन तिथल्या सरकारी रुग्णालयांवर आलं. नंतर प्रत्येक रुग्णालय ट्रस्टमध्ये कर्मचाऱ्यांच्या तक्रारी ऐकणारी स्वतंत्र व्यक्ती नेमली जाऊ लागली. स्टॅफर्डमध्ये खलनायक शोधून सापडत नाही. तिथल्या संचालकांना रुग्ण मारायचे नव्हते. ते दर महिन्याला तक्ते बघत होते, आणि तक्त्यात हवं तेवढंच दिसेल अशी व्यवस्था त्यांच्याच धाकाने तयार झाली होती.

आता आपल्याकडे बघू. आपल्या सरकारी रुग्णालयात शिडी किती पायऱ्यांची असते! वर डीन किंवा सिव्हिल सर्जन, मग युनिट हेड, लेक्चरर, तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, इंटर्न. दुसऱ्या अंगाला मेट्रन, इन्चार्ज सिस्टर, स्टाफ नर्स. आणि सगळ्यांच्या खाली वॉर्डातले मामा आणि मावशी. त्यात कायम आणि कंत्राटी हा आणखी एक उभा छेद. जात आणि पैसा यांचे छेद तर कुणी बोलत नाही, पण असतात. रात्री तीन वाजता बेडपॅन द्यायला गेलेल्या मावशींना पेशंटचं अंग गार लागतं. त्या सिस्टरना सांगतील. सिस्टर पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला उठवतील, तो छत्तीस तास जागा असेल. तो सरांना फोन करायचा की नाही यावर पाच मिनिटं घालवेल, कारण मागच्या वेळी 'एवढ्यासाठी उठवलंस?' हे त्याने ऐकलेलं असतं. त्या एका वाक्याने सरांनी पुढचे कितीतरी फोन बंद केलेले असतात. हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, कारण सांगणार कोण?

दुर्घटना घडली की आपली पहिली मागणी निलंबनाची असते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी दहा दगावली, सात वाचवता आली. सिव्हिल सर्जन निलंबित झाले, कंत्राटी नर्सेसच्या सेवा संपवल्या गेल्या. जबाबदारी निश्चित व्हायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. पण नर्सला काढल्याने पुढच्या कक्षातली वायर तपासली जात नाही. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं होती. ५०० खाटांची मंजुरी असलेल्या त्या रुग्णालयात त्याहून कितीतरी जास्त रुग्ण होते. दोनच दिवसांत एका खासदारांनी तिथल्या प्रभारी डीनना कॅमेऱ्यांसमोर स्वच्छतागृह साफ करायला लावलं. लोकांचा संताप खरा होता. पण ते दृश्य राज्यातल्या प्रत्येक डीनने, प्रत्येक मेट्रनने पाहिलं. औषधं संपत आली आहेत, माणसं कमी आहेत, हे लेखी वर कळवायची हिंमत त्यांना त्यातून मिळाली असेल? 'प्रभारी' या शब्दाचाही विचार व्हायला हवा. आज आहे, उद्या नाही, अशा खुर्चीवरचा माणूस मंत्रालयाला वाईट बातमी कशी कळवणार?

इथे एक आक्षेप नेहमी येतो : मग चुकणाऱ्याला काही म्हणायचंच नाही का? म्हणायचं. पण चुकांचे प्रकार वेगळे असतात. एकसारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या आणि दमलेल्या नर्सने चुकीची उचलली, ती मानवी गफलत. तिथे बाटल्यांची जागा बदलायची आणि नर्सला धीर द्यायचा. वेळ वाचवायला सगळेच एखादी पायरी गाळतात, तिथे सवय मोडायची आणि ती का लागली ते शोधायचं. आणि दारू पिऊन ड्यूटीवर आला किंवा नोंद जाणूनबुजून खोटी लिहिली, तर शिक्षाच. आपल्याकडे तिन्हींना एकच कारणे दाखवा नोटीस जाते. देशात माता मृत्यूंच्या अन्वेषणाची पद्धत आहे, त्यात दोषी शोधण्यापेक्षा कारण शोधावं हे तत्त्व मान्य केलेलं आहे. कागदावर आपल्याला हे कळलेलं आहे.

फक्त मोकळेपणाने सगळं सुटेल, असंही मी म्हणणार नाही. बोलायला माणूस तरी हवा. लिंडा एकन यांच्या गटाने युरोपातल्या नऊ देशांमधल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेसाठी आलेला रुग्ण दाखल झाल्यापासून तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. आपल्या वॉर्डात रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात, हे ज्याने नातेवाईक म्हणून रात्र काढलीय त्याला सांगायला नको. ती थकलेली, चिडलेली असते, म्हणून आपल्याला उद्धट वाटते. सतत अशा ताणाने माणूस आतून करपतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची नोंद व्यवसायाशी निगडित घटना म्हणून केली, म्हणजे तिचं मूळ कामाच्या ठिकाणी आहे. तेव्हा कर्मचाऱ्यांसाठी योगशिबिर घ्यावं, पण ड्यूटीचा तक्ता आधी दुरुस्त करावा.

आणि हे आपल्या मातीत जमत नाही, असं कुणी म्हणू नये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण घेतलं, त्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये दुष्काळी जामखेडला काम सुरू केलं. शिडीच्या सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. त्यांतल्या कित्येक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. त्या नेमाने जामखेडला येत आणि गावात काय घडलं ते सांगत. कुणाचं मूल वाळतंय, कुणाच्या घरात क्षयाचा रुग्ण लपवलाय, हे डॉक्टरांना त्यांच्याकडून कळे, आणि उपाय त्यावरून ठरत. म्हणजे माहिती खालून वर येत होती आणि वरचे ऐकून घेत होते. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मोठी गोष्ट ही की डॉक्टर असूनही ते त्या बायकांकडून शिकायला तयार होते.

रुग्णालय चालवणाऱ्यांना, मग ते डीन असोत, ट्रस्टी असोत की वीस खाटांच्या नर्सिंग होमचे मालक, माझी विनंती आहे. सकाळच्या राउंडला पहिला प्रश्न रात्रपाळीच्या सिस्टरना विचारा : काल रात्री कशाची भीती वाटली? मावशींनाही विचारा. उत्तर मिळालं तर तिथेच सगळ्यांसमोर आभार माना आणि आठवड्याच्या आत त्यावर काय केलं ते येऊन सांगा. सुरुवातीला कुणी बोलणार नाही. विचारत राहा.

वाचकांना सांगायचं ते असं. पुढे कधी एखाद्या रुग्णालयातल्या दुर्घटनेची बातमी वाचाल, तेव्हा निलंबन कुणाचं झालं एवढ्यावर थांबू नका. हे होऊ शकतं असं याआधी कुणी, कधी, कुणाला सांगितलं होतं आणि त्यावर काय झालं, याचं उत्तर चौकशी समितीच्या अहवालात मागा. आणि तो अहवाल जाहीर करायला लावा.